ओव्हनचा ताप आणि फुआतिनोताईचा इलाज

ती. इआकोपोदादास,

धाकटा भाऊ पेसामिनो याचा साष्टांग नमस्कार (साष्टांग आपला कागदावर, या गुडघ्यानं खाली गेलो तर वर कोण काढणार). इकडे आम्ही सारे देवदयेनं ठीक आहोत. माकेरिताकाकूचा खोकला, माझा गुडघा आणि डुकरिणीची आठ पिल्लं, तिन्ही जोमानं वाढताहेत. तिकडे तू, वहिनी आणि तुझी लेक, आपली नवरी मोएलागी खुशाल असाल. दोन रविवारांपूर्वी तू फोन केलास तेव्हा पहिल्याच वाक्यात विचारलंस, लग्नाची चटई कधी पाठवता? आई कशी आहे हे त्यानंतर विचारलंस. (आईला मी उलट क्रमानं सांगितलं.) मी नुसतं "होईल, होईल" म्हणत राहिलो, कारण आई शेजारीच बसली होती आणि तिच्यादेखत ओव्हनचं नाव काढायला घरात बंदी होती. म्हणून हे पत्र. चर्चच्या पाळकांचा मेहुणा शनिवारी ऑकलंडला निघतोय, त्याच्या हाती देतो. लांब झालं तर समजून घे. हकिकतच तशी आहे.

दादा, तू दोन वर्षांपूर्वी पाठवलेला मायक्रोवेव्ह ओव्हन म्हणजे या घरात नुसतं अन्न गरम करायचं खोकं नाही, हे तुला तिकडे बसून कळायचं नाही. आईची बोटं सकाळी आखडलेली असतात, लाकडासारखी. तांदळाची ती कापडी पिशवी दीड मिनिट आत ठेवायची, मग आईनं ती दोन्ही हातांत धरून बसायचं, आणि कॉफीचा पेला संपेपर्यंत बोटं सुटी व्हायची. मग दुपारपर्यंत ती मोएलागीच्या लग्नाची चटई विणायची. तू म्हणशील, एवढंच ना, मग दगड तापवा. तापवला होता. मागच्या वर्षी उमूच्या भट्टीतला दगड फडक्यात गुंडाळून दिला, तर तिच्या तळव्याला चटका बसला आणि तिला तो कळलासुद्धा नाही. इस्पितळातली नर्स मला असं काही बोलली की ती माझी लांबची भाची आहे हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. गरम पाण्यात हात बुडवायला आई तयार नाही, ओल्या बोटांनी केतकीची पाती डागाळते म्हणते. तेव्हा ओव्हन चालला तर बोटं चालणार आणि बोटं चालली तर चटई होणार. लग्न पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, आणि चटई अजून दीड वीत बाकी, अशा वेळी ओव्हन बिघडला.

बिघडला तोही कसा, तर सभ्यपणे. धूर नाही, ठिणगी नाही. पिशवी ठेवली, बटण दाबलं, अर्धं मिनिट फिरला, थांबला, आणि पाटीवर "ई" आणि "पाच" अशी अक्षरं उमटली. पुन्हा दाबलं, पुन्हा ई-पाच. मी पुस्तिका काढली. ई-पाच म्हणजे तापमानाच्या सेन्सरमध्ये दोष, अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे जावे. सगळ्यात जवळचं केंद्र तुझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर आहे. आईनं पिशवी हातात घेतली, ती कोमटसुद्धा नव्हती, तरी धरून बसली. दादा, माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

तुला ठाऊकच आहे, यंत्रांच्या बाबतीत गावात मला थोडाफार मान आहे (शाळेची घंटा विजेवर मीच आणली, ती सुट्टीतही वाजते हा भाग वेगळा). मी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. आधी तार काढून पुन्हा लावली. मग ओव्हन समुद्राकडून डोंगराकडे वळवला, खाऱ्या वाऱ्यानं झालं असेल म्हणून. मग दोन चापट्या दिल्या, एक प्रेमाची आणि एक खरी. माकेरिताकाकूचं म्हणणं पडलं की आत भूत शिरलंय, कारण तो दिवाणखान्यात बाबांच्या फोटोशेजारी ठेवलाय आणि बाबांना उरलेलं अन्न गरम करून खाणं जन्मात आवडलं नाही. हेही मी वहीत टिपून घेतलं. शोध करणाऱ्यानं कुठलीच शक्यता टाकू नये.

शेवटी त्याच्या अंगावरची सगळी कापडं उतरवून मी त्याला ओसरीवर आणला, बाकावर ठेवला आणि लांब तारेनं वीज दिली. आणि काय सांगू, पठ्ठ्या चालला! दीड मिनिट काय, पाच मिनिटं चालला. मी आरोळी ठोकली, शेजारचे जमले, त्यांचंही अळूच्या पानांचं पालुसामी गरम करून दिलं. मग त्याला परत जागेवर नेला, अंगावर कापडं होती त्याच क्रमानं घातली, आणि दुसऱ्या सकाळी ई-पाच. पुन्हा ओसरी, पुन्हा ठणठणीत. पुन्हा घरात, पुन्हा ई-पाच. असं चार वेळा झालं. लेउतू (महिला समितीची अध्यक्ष, तुझ्या वर्गातली, आता तिचा आवाज आणखी मोठा झालाय) कुंपणावरून म्हणाली, "पेसामिनो, रोज फिरायला काढतोस होय त्याला? डुकरांनाही काढ." तेव्हा मी निष्कर्ष काढला की सेन्सरच लहरी आहे, तोंडाला येईल ते बोलतो, आणि तुला नवा पाठवायला लिहिलं. तू पाठवलास. उपकार आहेत. पण यात पंधरा दिवस गेले, आणि आई पंधरा दिवस हात मांडीवर ठेवून चटईसमोर बसून राहिली.

नवा सेन्सर आला त्या दिवशी मी ओसरीवर ओव्हन पालथा घातला, तार काढली, पेचकस घेतला आणि पाठीवरचे स्क्रू सोडवू लागलो. तिसऱ्या स्क्रूला मागून कुणीतरी पेचकस काढून घेतला. बघतो तर फुआतिनोताई.

आपल्या आत्याची थोरली फुआतिनो तुला आठवते ती टेलिफोन केंद्रात कानाला यंत्र लावून बसणारी. केंद्र बंद झालं तेव्हा तिथल्या सगळ्या तारा उलगडून परत गुंडाळणारी तीच शेवटची. आता बंदरावर मासळीच्या बर्फघरात यंत्रं सांभाळते. साठी उलटली, चष्म्याला एका बाजूनं मासे पकडायची दोरी बांधलीय, आणि हत्यारं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. ती म्हणाली, "गाढवा, तार काढली तरी याच्या पोटात विजेचा साठा उरतो. तुझ्या आईच्यानं लग्नाची एक चटई पुरी होत नाहीये, तुझ्या मयताची दुसरी कोण विणणार?" दादा, मी या वयात या गावात फार कमी लोकांकडून गाढव ऐकून घेतो. तिच्याकडून ऐकलं आणि बरं वाटलं, कारण आता जबाबदार माणूस आलं होतं.

तिचं काम पाहायला तू हवा होतास. मी घाईनं हत्यार उचलतो. ती आधी हात धुते. मग विचारत बसते. कधी बंद पडतो? किती वेळानं? त्याआधी कुणी काय गरम केलं होतं? कुठे ठेवलेला असतो? मी उत्तरं देताना मध्ये माझी मतं घालत होतो. ती तेवढ्यापुरती चष्मा पुसायची. मग काठीला तार बांधून तिनं त्याच्या पोटातला साठा उतरवला (मला चार पावलं मागे उभं केलं, काकूला आठ) आणि आतून सेन्सर काढला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, दोन तारा जोडलेला. इतक्या लहान वस्तूवर मी पंधरा दिवस दातओठ खात होतो याची मला लाज वाटली.

मग तिनं डब्यातून मीटर काढला. जुना सेन्सर जोडून आकडा पाहिला. मुठीत धरला, ऊब मिळताच आकडा उतरू लागला (असल्या सेन्सरची रीतच उलटी). गार पाण्याच्या पेल्याला टेकवला, आकडा चढला. पुन्हा मूठ, पुन्हा पेला. नंतर तुझा नवा घेतला आणि तेच केलं. दोघांचे आकडे जुळ्या भावांसारखे. ती म्हणाली, "नवा खरं सांगतोय. जुनाही खरंच सांगतोय. खोटं बोलणारं दुसरंच कुणीतरी आहे." आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ताई, माझ्याकडे काय बघतेस, मी चापट मारली तेवढंच. तिनं जुनाच सेन्सर परत बसवला, स्क्रू आवळले आणि सांगितलं, "आता जिथे असतो तिथे ठेव, जसा असतो तसा. मी बसते. मला कोको आण."

तशी ती दिवाणखान्यात दोन तास बसली. ओव्हनकडे पाहत कोको प्यायली, आईशी मासळीच्या गप्पा मारल्या. काकूनं कालचं पालुसामी गरम केलं, ते झालं. लेउतू अळकुडी घेऊन आली, तीही झाली. मग आईची पिशवी ठेवली, अर्धं मिनिट, आणि ई-पाच. ताई उठली, त्याच्याजवळ गेली, आणि तापलेल्या पोराच्या पांघरुणात हात घालतात तसा कापडांच्या आत हात घातला. झटकन बाहेर काढला. "अगं बाई," ती म्हणाली, "याला खरंच ताप आहे. पंधरा दिवस हा बिचारा सांगतोय की अंग तापलंय, आणि तुम्ही सगळे त्यालाच खोटारडा म्हणताय!"

कापडांचं तुला सांगायला हवं. तू म्हणशील, आपल्याकडे काय नवल, टीव्हीवर झालर, रेडिओवर झालर, शिवणयंत्राला तर झगाच. मानाच्या वस्तूला उघडं ठेवायचं नाही, हे आपण आईच्या पोटातून शिकून येतो. ओव्हन आला तेव्हा त्याच्याबरोबर वहिनींनी भरतकामाचा टेबलक्लॉथ पाठवला होता, तो पहिला. तो पाहून काकूनं क्रोशाचा रुमाल दिला, वर कोंबडा विणलेला. काकूनं दिलं म्हटल्यावर महिला समितीला गप्प बसवेना. लेउतूनं सालीचं छापील कापड आणलं, चांगलं जाड, मयताला नेतात तसलं. आणि गेल्या नाताळात पाळकबाई कॉफीला आल्या, ओव्हनकडे बघून "वा" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी व्यासपीठाच्या पडद्यातलं उरलेलं जांभळं मखमल पाठवून दिलं, जमिनीपर्यंत लोळणारं. वर हवेच्या भोकांत मी प्लास्टिकची फुलं खोचली होती (मला ती भोकं त्यासाठीच वाटली). चार पांघरुणं आणि फुलं, आणि बाहेर आपलं ऊन. सकाळी आधी सगळ्यांचं खाणं गरम व्हायचं, मग आईची पिशवी, तोवर आतल्या गरम हवेनं जायचं कुठे? ओसरीवर मी त्याला उघडा करत होतो आणि तो चालत होता. घरात नेऊन परत गुंडाळत होतो आणि तो पडत होता. चार वेळा मी स्वतःच्या हातांनी रोग बरा केला आणि स्वतःच्या हातांनी परत दिला. माझ्याइतका हुशार वैद्य गावात नाही असं ताई म्हणाली.

रोग कळला, पण औषध त्याहून कठीण. सर्वांत वरचं कापड काढावं तर ते पाळकबाईंचं. खालचं काढावं तर वरची तिन्ही उचलावी लागणार. दिलेलं कापड काढून बाजूला ठेवणं म्हणजे देणाराला दार दाखवणं. त्यातून कुणाचं आधी काढलं हे गाव तीन पिढ्या विसरणार नाही. काकू तिथल्या तिथे म्हणाली, "माझा रुमाल मुळी झिरझिरीत आहे, त्यातनं हवा जाते. समितीचंच कापड जाड." लेउतू म्हणाली, "आमचं कापड झाडाचं आहे, झाड श्वास घेतं. तुमच्या कोंबड्यानंच नाक दाबलं असेल." मी आईकडे पाहिलं. ती मांडीवरचे हात बघत होती. ती मालकीण, एका शब्दात चारही उतरवू शकली असती, पण पाळकबाईंचा अपमान करून नातीची चटई विणणारी आपली आई नव्हे. ती म्हणाली, "राहू दे. आहे तेवढीच जाईल." दीड वीत अपुरी चटई, दादा! सासरच्यांसमोर उलगडल्यावर आपल्या घराण्याचं काय राहिलं असतं? आणि आईचं?

ताईनं डबा मिटला आणि रविवारी दुपारच्या जेवणाला सगळ्यांना बोलवा म्हणाली. पाळक-पाळकबाई, समिती, काकू, सगळे आले. उमूतलं डुक्कर झालं, नीरफणस झाला, माणसं सैलावली. तेव्हा फुआतिनोताई उठली. गावच्या वक्त्यांसारखी काठी खांद्याला टेकवून उभी राहिली (काठी म्हणजे माझा झाडू) आणि बोलू लागली. मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली, निम्म्यांत झोपलो. या भाषणात घास तोंडात तसाच राहिला. ती म्हणाली, समुद्रापलीकडून एक पाहुणा या घरात आला. त्यानं या बैठकीतल्या प्रत्येकाची अळकुडी गरम केली, कधी नाही म्हटलं नाही. गावानं त्याची सेवा ओळखली आणि एखाद्याला घराण्याच्या प्रमुखाची पदवी देताना आणतात तशी त्याच्यासाठी मानाची वस्त्रं आणली. आता मला सांगा, आपली पदवी झाल्यावर आलेल्या चटया गावात न वाटता स्वतःच्याच घरात रचून ठेवणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? मागून कुणीतरी म्हणालं, कवडीचुंबक. ताई म्हणाली, "बरोबर. या पाहुण्याला ते नाव लागू नये अशी त्याची इच्छा आहे. दोन वर्षं झाली, वाटप राहिलं. त्याच काळजीनं त्याला ताप येतो."

आणि तिनं वाटप सुरू केलं. मखमल काढलं, दोन्ही हातांवर पसरून सगळ्यांना दाखवलं, देणारीचं नाव पुकारलं, आणि माकेरिताकाकूला अर्पण केलं. काकू खोकायचं विसरली. सालीचं कापड पाळकबाईंना. कोंबड्याचा रुमाल समितीला. कुणाचंही कापड निघालं नाही, प्रत्येकाचं दिलं गेलं, आणि प्रत्येकीला स्वतःचं सोडून दुसरीचं मिळालं. पाळकबाई उठून ओव्हनला उद्देशून रीतसर आभाराचं भाषण करून बसल्या. लेउतूसुद्धा डोळे पुसत होती. ताईनं फुलं मुकाट्यानं उपटून माझ्या खिशात घातली. ओव्हन आंघोळ करून आल्यासारखा उघडा, पांढरा, बाबांच्या फोटोशेजारी.

दादा, मीटर लावून आकडा वाचणारे तुमच्याकडे गल्लोगल्ली असतील. पण यंत्राला काय होतंय ते कळणं आणि माणसांना काय लागेल तेही कळणं, हे दोन्ही एका डोक्यात मी दुसऱ्या कुणाच्या पाहिलं नाही. मला तिचा अभिमान वाटतो, आणि लहानपणी मी तिच्या केसांत नीरफणसाचा चीक लावला होता त्याची फार लाज वाटते. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तो तू होतास होय.

सोमवारी सकाळी पिशवी दीड मिनिट तापली, ओव्हननं टण् केलं. आई पिशवी धरून बसली. मी उगाच ओसरी झाडत राहिलो. थोड्या वेळानं मागून पातीवर पाती घासल्याचा तो बारीक आवाज आला आणि मी झाडू टाकून विहिरीकडे गेलो, कारण मोठ्या माणसानं अंगणात रडू नये. वहिनींना नमस्कार, मोएलागीला आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, आणखी थोडा पाठवलास तर ठेवून घेऊ.

तुझा,
पेसामिनो

ता. क. १. वहिनींचा टेबलक्लॉथ मी वाटपात मुद्दाम सांगितला नाही. तो फुआतिनोताईला दिला, दुरुस्तीचं दुसरं काही ती घेईना. बर्फघरात ती त्यावर स्क्रू मांडते. भरतकामातल्या गुलाबांच्या पाकळ्यांत स्क्रू मापाप्रमाणे ठेवता येतात म्हणून फार खूश आहे. हे वहिनींना कसं सांगायचं ते तू ठरव, मी धाकटा.

ता. क. २. गावात मी सांगितलंय की तू पाठवलेल्या नव्या सेन्सरनंच काम झालं. तुझी शोभा राहावी म्हणून. (आणि तो मागवण्याची सूचना माझी होती म्हणूनही.) कुणी विचारलं तर हो म्हण.

ता. क. ३. पत्र आईच्या हाती लागलं. मग वाचून दाखवणं भाग पडलं. ऐकून म्हणाली, सगळं छान लिहिलंस, आता खाली लिही की ओव्हन अजून बंद आहे. मी म्हटलं, आई, तो दुरुस्त झाला म्हणून एवढी पानं लिहिली ना? ती म्हणाली, तो गेल्यापासून अकरा वर्षं त्याची पत्रं आणि तुझी पत्रं बघतेय, तो शेवट तेवढा वाचतो. तर दादा, ओव्हन बंद आहे. विणकाम संपलं, पण कडेची तांबडी पिसं ओवायची राहिलीत, आणि आई म्हणते तिची बोटं मुळीच हलत नाहीत. (हे सांगताना ती माझ्यासाठी नीरफणस सोलत होती, भराभर.) चटई घेऊन जायला पाळकांचा मेहुणा नको, टपाल नको, विमानाचं पार्सलही नको म्हणते. आणि आणखी एक शब्द लिही म्हणाली, तो तिच्याच शब्दांत लिहितो: ये.